अर्धं वचन

आमच्या चर्चच्या मंडळीतले एल्डर काका रोज सकाळी ग्रुपवर बायबलमधलं वचन पाठवतात. मागे उगवता सूर्य, बाजूला कबूतर, मध्ये एक ओळ. कधी अख्खी, बहुतेकदा अर्धी. ताई नवऱ्याचं घर सोडून पनवेलला आमच्याकडे आली, त्याच आठवड्यात मलाखीच्या पुस्तकातली ओळ आली: देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे. बस, एवढंच. खाली जोडलेले हात. आणि आईनं ते चित्र स्वतःच्या स्टेटसला लावलं. पोटची पोरगी आतल्या खोलीत कानात कापूस घालून पडलेली, आणि आईच्या स्टेटसला ते!

दाजीनं मारलं होतं. पहिल्यांदा नव्हे. या वेळी ताईच्या डाव्या कानाचा पडदा फाटला.

मी पत्रकं लिहिते. सुकापुरातल्या पाण्याच्या टँकरबद्दल, रिक्षास्टँडजवळ बायकांसाठी संडास नाही त्याबद्दल. वाक्य कुठं तोडलं की माणसं पेटतात आणि कुठं तोडलं की गप्प बसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती ओळ बघताक्षणी वाटलं, हिचं शेपूट कुणीतरी छाटलंय. बायबल उघडून बघितलं, तर खरंच छाटलेलं. माझं डोकंच फिरलं. टँकरवाल्याबद्दल मी अर्धं वाक्य छापलं तर लोक माझी कॉलर धरतात. इथं देवाचं वाक्य तोडून कबुतराशेजारी चिकटवतात आणि वर शंभर जण 'आमेन' टाकतात!

आईला दाखवायला गेले तर ती म्हणाली, "मला नको शिकवू. मी दरवर्षी अख्खं बायबल पुरं करते."

करते, खरं आहे. सकाळी कुकर चढवायचा आणि शिट्ट्या होईतो अध्याय उरकायचे. आईचं वाचन एक्स्प्रेसवेवरच्या गाडीसारखं. गावं सगळी दिसतात, उतरत कुठंच नाही. आमच्या मंडळीत याचंच कौतुक. किती वाचलं हे सगळे विचारतात. काय वाचलं, ते कुणी कुणाला सुनावलंय, त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, हे विचारलं की म्हणतात, पोरगी फार शिकली.

रविवारी उपासनेनंतर एल्डर काका दाजीला घेऊन घरी आले. समेट करायला. आईनं सुरमई तळून ठेवलेली. काका नेमके ताईच्या डाव्या बाजूला बसले आणि उपदेशाच्या मऊ आवाजात सुरू झाले.

ताई म्हणाली, "काका, त्या बाजूनं मला ऐकू येत नाही. इकडं येऊन बोला."

काका उठले नाहीत. आवाज तेवढा वाढवला. "बेटा, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच."

"भांड्याला भांडं लागलं तर दोन्ही वाजतात ना?" मी म्हटलं. "यांचं एकच कसं फुटलं?"

"तू तुझी भाषणं मोर्च्यात कर."

दाजी तोवर रडायला लागला होता. दाजीचं रडणं आमच्या मंडळीत नावाजलेलं आहे. प्रार्थनेला उभा राहिला की गळा दाटतो, रुमाल भिजतो, म्हाताऱ्या बाया म्हणतात, किती कोवळं मन! त्या दिवशीही हात जोडून, "प्रभू, माझं घर मला परत दे," असं हुंदके देत चाललेलं. आई विरघळली. मला दिसत होतं. ती ताईला म्हणाली, "बघ, किती पस्तावलाय. बॅग भर."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली. बॅग भरायलाच.

घरप्रार्थनेत शास्त्रपाठ त्या घरच्या बाईनं वाचायचा, ही आमच्यातली रीत. काका रीतीचे पक्के. "वहिनी, आधी वचन होऊ द्या. मलाखी, दुसरा अध्याय, सोळावं वचन. सुरुवातीचा भाग तेवढा."

"आई, दहाव्यापासून वाच," मी म्हटलं. "बॅग भरायला वेळ लागेल तिला. तोवर होईल."

आईनं चष्मा लावला. गॅसवर कुकर नव्हता, घाई कशाचीच नव्हती. ती नेहमीच्या सुरात वाचू लागली. तेराव्या वचनाशी तिचा सूर अडखळला. तिथं पुरुष देवाच्या वेदीवर आसवांचा पूर आणतात, आणि तरीही देव त्यांचं अर्पण घेत नाही. का घेत नाही, म्हणून ते विचारतात. उत्तर पुढच्याच वचनात आहे: तरुणपणीच्या बायकोशी तू बेइमानी केलीस, आणि देव त्याला साक्षी आहे.

दाजीचे हुंदके थांबले. रुमाल तसाच नाकाशी.

"वहिनी, सोळावं," काका म्हणाले.

आईनं सोळावं वाचलं. सोडचिठ्ठीचा तिटकारा वाचला आणि थांबली नाही. त्याच वचनात पुढं, जुलूम अंगावर वस्त्रासारखा वागवणाऱ्याचाही देवाला तिटकारा आहे. तेही वाचलं. मग बोट तिथंच ठेवून ती ओळ परत वाचली, हळू, पहिलीतल्या मुलासारखी.

"भाऊ," ती काकांना म्हणाली, "तुम्ही पाठवलं त्यात हे नव्हतं."

"चित्रात एवढं सगळं मावत नाही, वहिनी."

"मग चित्र मोठं घ्यायचं होतंत."

आई आत गेली. ताईच्या बॅगेतले कपडे काढून तिनं परत कपाटात ठेवले. बाहेर येऊन दाजीला म्हणाली, "मासे तळलेत, जेवून जा. ती येणार नाही." तो जेवला नाही. काका जाताना दारात पुटपुटले, शास्त्राचा अर्थ लावायला अधिकार लागतो. अर्थ कुणी लावला होता? आम्ही फक्त पान संपेपर्यंत वाचलं होतं!

आता आई सकाळी एकच अध्याय वाचते. ताई शेजारी बसून अडवते, हे कोण कुणाला म्हणतंय? दोघी भांडतात. कधी कधी एकाच परिच्छेदावर भाजी करपते. यंदा बायबल पुरं होणार नाही, आणि आईला त्याचं काही वाटत नाही.

पण ताई रविवारी उपासनेला देवळात येत नाही. म्हणते, "पुस्तकाशी माझं भांडण नाही. त्या बाकांवरच्या माणसांना बघवत नाही मला." दाजी मात्र दर रविवारी पुढच्या रांगेत असतो. उभा राहतो, रडतो, आणि माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. ताई कुठं आहे, असं अजून एकानंही आम्हाला विचारलेलं नाही.