कोड्याच्या पानावरचा पत्रा

आमच्या ह्यांच्या गॅरेजला पाटी नाही. घराखालीच आहे, शटर वर दिसलं की लोक गाडी आणून लावतात. गिऱ्हाइकांत ह्यांचं नाव पडलंय 'कागदवाले', आणि ते उगाच पडलेलं नाही. कुठलंही काम हाती घेतलं की आधी जमिनीवर वर्तमानपत्राचं पान अंथरायचं, बसवायचे भाग त्यावर क्रमानं मांडायचे आणि एकेक उचलत जायचं. पान रिकामं झालं की काम झालं. "लक्षात ठेवायच्या भानगडीत मी पडतच नाही, कागद ठेवतो लक्षात," हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकतेय. घरात ह्यांना मीठ कुठल्या डब्यात असतं ते अजून माहीत नाही, पण गॅरेजात एक स्क्रू कधी इकडचा तिकडे झाला नाही. साठी उलटली तरी नाही.

म्हणूनच त्या मंगळवारी जे झालं त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गाडी आमच्या लेकीची. छोटीशी, पांढरी, शाळेतल्या नोकरीसाठी घेतलेली. रोजचं जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर. महिनाभर झाला, वेग घेतला की पुढून घूंऽऽ असा आवाज यायचा. ह्यांनी चाकं हातानं फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "पुढची दोन्ही बेअरिंग गेली. डिस्कमागचे पत्रेही सडलेत, तेही बदलून टाकू." हा पत्रा म्हणजे ब्रेकच्या डिस्कमागे बसणारी पातळ गोल थाळी, धूळ-चिखल अडवणारी. गंमत अशी की ती बसवायची वेळ एकदाच येते. आधी नवं बेअरिंग प्रेसखाली दाबायचं, मग पत्रा तीन स्क्रूंनी आवळायचा आणि मग त्यावर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला तुकडा, दाबायचा. हब बसला की पत्र्याची वाट बंद. विसरलात तर हब पुन्हा उपसावा लागतो, आणि तो उपसताना कोरंकरकरीत बेअरिंग फुटतं. ह्यांनी हे मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही बसवीन.

सोमवारी डावी बाजू झाली. मंगळवारी उजवी. मी दहाचा चहा घेऊन खाली गेले आणि पाहते तर काय, ह्यांनी आजचं पान अंथरलेलं! तेही शब्दकोड्याचं! ह्या घरात अगदी माझं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नाही, पण दहा वाजताचं कोडं माझं आहे. रद्दी मीच आदल्या दिवशी देऊन टाकली होती हे खरं, तरी जाहिरातींचं पान घेता आलं नसतं? हे पाठमोरे, जुनं बेअरिंग प्रेसखाली धरून त्याच्याशी झटत होते. मी पुटपुटत वरून जाहिरातींचं पान आणलं, शेजारी पसरलं आणि एकेक वस्तू होती तशी त्यावर ठेवली. बेअरिंग, गोल लॉक, मोठा नट. पत्रा अंगानं मोठा, त्याच्या मधल्या भोकात स्क्रू भरलेलं बाटलीचं झाकण. तो झाकणासकट, शेवटी मांडू म्हणून, तेवढ्यापुरता खिडकीत ठेवला. इतक्यात वर फोन वाजला आणि मी कोड्याचं पान काखेत मारून पळाले.

ह्यांना पान दिसतं, पानावर काय छापलंय ते कधीच दिसत नाही.

तासाभरानं कप न्यायला आले तेव्हा हे हात पुसत उभे होते. जाहिरातींचं पान रिकामं. "झालं बघ," म्हणाले, वळले आणि त्यांची नजर खिडकीत गेली.

माणूस पांढराफटक पडतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. हातातलं फडकं गळून पडलं. पत्र्याकडे पाहिलं, रिकाम्या पानाकडे पाहिलं, पुन्हा पत्र्याकडे. शिवी नाही, आदळआपट नाही. स्टुलावर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "सुरू झालं."

काय सुरू झालं ते कळायला मला क्षणभर लागलं. माझे थोरले दीर घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा घड्याळ जोडून झालं आणि एक चक्र टेबलावर उरलं. आम्ही सगळे हसलो. दीरही हसले. दोन वर्षांनी त्यांनी जाऊबाईंना विचारलं, "ताई, आपण कुणाकडे आलात?"

एका वाक्याचं काम होतं. अहो, पत्रा मी उचलला. पण मी तेवढा रिकामा कप उचलला. आधी वाटलं, ओरडतील. ते ओरडेनात तेव्हा वाटलं, जेवताना सांगू. जेवताना ते म्हणाले, "गॅरेज बंद करतो आता. लोकांच्या चाकांशी खेळ नको." आणि खरं सांगायचं तर गेली पाच वर्षं मीच ह्यांच्यामागे भुणभुण लावली होती, कंबर कामातून गेलीय, पुरे करा. तेव्हा ऐकत नव्हते. आता आपणहून ऐकत होते. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि गप्प बसले. ती वाढणारी बाई मीच होते, ह्याचा मला अजून धक्का बसतो.

बुधवारी शटर उघडलं नाही. लेकीचा फोन आला तर तिला म्हणाले, "गाडी दुसरीकडे ने बाळा, माझ्या हातावर भरवसा ठेवू नकोस." ती हादरली. शुक्रवारी रजा काढून येते, बाबांना डॉक्टरकडे नेते म्हणाली. हे तीन-तीनदा उठून गॅस बघायचे. गुरुवारी हात धुऊन आल्यावर मला विचारलं, "मी भाजी दुसऱ्यांदा घेतली ना गं?" घेतली होती. माणूस स्वतःचीच परीक्षा घेत होता आणि मी समोर बसून मान डोलवत होते.

शुक्रवारी सकाळी अंथरुणं आवरताना ह्यांच्या उशीखाली ते कोड्याचं पान सापडलं. मंगळवारपासून मी त्याला हात लावला नव्हता, तेवढीही लाज माझ्यात होती. चौकटी भरलेल्या होत्या. निळ्या पेन्सिलीनं, ह्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत. म्हटलं, कोडी कधीपासून सोडवायला लागले? पण ती उत्तरं नव्हती. एका ओळीत लेकीचं नाव. एका ओळीत तिचा फोन नंबर, एका चौकटीत एक आकडा. घराचा नंबर. आणि खाली माझं नाव. चौतीस वर्षांत 'अगं' आणि 'ऐकलंस का' ह्यापलीकडे ह्यांनी मला कधी हाक मारली नाही, आणि इथे माझं तीन अक्षरी नाव एकाखाली एक चार वेळा लिहिलेलं, पाठ करायला.

पान घेऊन तशीच धावले. हे बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून बसले होते, डॉक्टरकडे जायला.

"अहो, पत्रा मी उचलला होता!" आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कोडं, जाहिराती, खिडकी, फोन, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. माझ्या हातावर थोपटलं. "असू दे. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस."

"रचत नाही हो! शपथ घेऊन सांगते."

"वहिनीही दादाला असंच सांगायची. ते चक्र मांजरानं पाडलं म्हणायची."

तीन दिवस खरं पोटात दाबून ठेवलं, आणि आता ओकले तर ते कुणी घेईना. ह्या माणसाला मी कायमचं ह्या भीतीत ढकललं होतं. पान हातात होतं, मागे खिडकी, आणि उजेडात मला ते दिसलं. पानावर तेलाचं मोठं कडं. नव्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. आमच्या घरात कागदावरचा तेलाचा डाग कोण बघतो?

मी त्यांना मनगट धरून खाली ओढत नेलं, शटर वर केलं. पत्रा खिडकीत तसाच होता. त्यांनी तो स्वतः उचलला, पान जमिनीवर ठेवलं आणि पत्रा त्या कड्यावर टेकवला. काठाला काठ जुळला. मधोमध झाकणाचं लहान कडंही जुळलं. म्हणजे पत्रा त्यांनी ह्याच पानावर मांडला होता, आणि हे पान मी काढून वर नेलं होतं.

मला हसू फुटलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. हे हसत नव्हते. उकिडवे बसून ते त्या कड्यावरून बोट फिरवत राहिले.

"मंगळवारी उचललास."

"हो."

"आज शुक्रवार."

"हो."

मग त्यांनी मान वर केली आणि माझं नाव घेतलं. तीनही अक्षरं, स्पष्ट, खणखणीत, आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हणाले, "तीन दिवस?"

त्यांनी बूट काढले, इस्त्रीचा शर्ट खुंटीला टांगला आणि हब उपसायला घेतला. बेअरिंग कडकन फुटलं तेव्हा मी दचकले, ते दचकले नाहीत.

लेकीची गाडी आता अगदी गुपचूप चालते. गॅरेज रोज उघडतं. हे माझ्याशी बोलतात, चेष्टाही करतात, हाक पुन्हा 'अगं' अशीच मारतात. फक्त आता कागदावर भाग मांडून झाले की प्रत्येकाभोवती निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढतात, म्हणजे कुणी काही उचललं तर रिकामी जागा दिसावी. ती रेघ कुणासाठी आहे ते आम्ही दोघं जाणतो. मी दहाचा चहा स्टुलावर ठेवते आणि कागदाकडे न बघता वर येते.