जोडीचा धवला

आत्या जासईची धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवला गाऊन विधी पार पाडते ती धवलारीण. धवला दोघी गातात. पहिली ओळ टाकते, दुसरी तीच ओळ उचलते आणि तेवढ्यात पहिली श्वास घेते.

फुप्फुसाचा कर्करोग निघाला तेव्हा आत्याने डॉक्टरांना एकच विचारलं: नातीच्या लग्नात गाता येईल का? तपासण्यांनंतर पनवेलमध्ये इम्युनोथेरपी सुरू झाली. हे औषध गाठीला थेट मारत नाही, शरीराची अडवलेली फौज तिच्यावर मोकळी सोडतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

"म्हंजे कुत्र्याची साखळी सोडायची," आत्या म्हणाली. "आन तो घरच्यांनाच चावला तं?"

"तर त्याच दिवशी मला फोन करायचा. खोकला, धाप, जुलाब, काहीही नवं दिसलं तरी."

गाठ लहान झाली. आवाज परतला. केसही गळले नाहीत. तिची जोडीदारीण चिडवायची, "तुजी येनी माज्याहून जाड. रोग हाय का नाटक?"

"नाटकच हाय. तू तिकीट काढ."

नातीच्या हळदीला दोघी मांडवात बसल्या. आत्या ओळ आखूड टाकत होती, जोडीदारीण तीच ओळ लांबवत होती. ऐकणाऱ्यांना ती नवी चाल वाटली. मलाही. एका म्हाताऱ्याने तर मान डोलावून दाद दिली.

पाठवणीनंतर आत्या खुर्चीतून उठू शकली नाही. तिचे ओठ निळे पडले होते. आम्ही तिला बंदराच्या कंटेनर ट्रकच्या रांगांमधून वाट काढत पनवेलला आणलं. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नव्हती. मोकळी सोडलेली फौज तिच्याच फुप्फुसांवर उलटली होती.

धाप आधीच्या आठवड्यातच सुरू झाली होती, हे जोडीदारणीने दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. "ती बोलली, तू ओळ लांबव, मी तवर दम घेते. डागदरला कळलं तं मांडवात नाय बसू देनार. लगीन झालं की सांगू."

स्टिरॉइडने धाप कमी झाली. आत्या ऑक्सिजन लावून घरी आली. पण इम्युनोथेरपीचं औषध तिला पुन्हा देता येणार नव्हतं.

"चावला बग," ती मला म्हणाली. "पन लगीन झालं."

गाठ पुन्हा वाढू लागली. शिमग्याआधी ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, आठवडाभर आधी कळलं असतं तर? त्यांनी सांगितलं, सुरुवातीलाच पकडलं तर ही सूज बऱ्याचदा आवरते, काहींना तेच औषध पुढे देताही येतं. आत्याच्या बाबतीत मात्र खात्रीने सांगता येणार नाही.

दहाव्याला जोडीदारीण माझ्याशेजारी येऊन बसली.

"तू डागदरशी बोललास ना? मी ओळ लांबवली नसती तं?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं आणि बायकांमध्ये जाऊन बसली.