चाळीस ठिपके

महिन्यापूर्वी सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, आई गेली." मी मखमलाबादला पोहोचलो तेव्हा अक्काचे थोरले दीर, अण्णा, ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "शेवटी शेवटी डोकं गेलं व्हतं बिचारीचं." ते खोटं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

मेहुणे गेल्यावर गुलाबाचा मळा अक्काच्या नावावर आला आणि तेव्हापासून अण्णांना तिच्या डोक्याची काळजी लागली. "लय बिघडलीय. बोलायला गेलं की भिंतीकडं बघती," असं ते गावभर सांगत. तिला भान नाही असं एकदा ठरलं की मळ्याचा कारभार त्यांच्याकडे येणार होता. थोरल्या दिराच्या नजरेला नजर द्यायची नाही, ही रीत अण्णांच्याच आईने अक्काला लावली होती... तीच आता वेडाची खूण झाली.

मी तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णाही हट्टाने आले. इतर तपासण्यांत अक्का ठीक निघाली. शेवटची तपासणी डोळ्यांच्या हालचालीची होती. हनुवटी टेकवून पडद्याकडे बघायचं. डावीकडे ठिपका उमटला की नजर उजवीकडे न्यायची, उजवीकडे उमटला की डावीकडे. कॅमेरा डोळे टिपतो. एवढ्यावरून वेड ठरत नाही, हे मी विचारून घेतलं. आपोआप खेचली जाणारी नजर माणसाला आवरता येते का, इतकंच कळतं. चाळीस ठिपक्यांत अक्का तीनदा चुकली. बाईंनी विचारलं, "सराव केला होता का?"

"तीस वर्षं," अक्का म्हणाली. "अण्णा दारात आले की हेच करते. इथं तर नुसता ठिपकाय."

"पोरखेळ हाय," म्हणत अण्णा स्वतः बसले. एकोणतीस चुका. ते अक्काहून बारा वर्षांनी मोठे, हेही लिहिलं पाहिजे. पण आकडा एकोणतीसच. "मशीन बिघडलीय," ते म्हणाले.

"तीबी का?" अक्का भिंतीकडे बघत म्हणाली.

मळा शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिला. आजारपणात एकदा तिने माझा हात धरला... "मेल्यावर मला नजर वळवता यायची नाही. अण्णांना माझं तोंड दाखवू नको."

अंत्यदर्शनाला अण्णा पुढे आले, तशी मी तिच्या तोंडावर चादर ओढली आणि उशाशी उभा राहिलो.

"बघू दे की, घरची हाय ती."

"तिनं नको म्हणून सांगितलंय, अण्णा."

चार माणसांनी मला समजावलं. मी हललो नाही. अण्णा फाटकाबाहेर गेल्यावर चादर काढली आणि मागे थांबलेल्या सगळ्यांना तिचं तोंड दाखवलं.