कायले होतेस साहेब?

सैन्यात अधिकारी होण्याच्या शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती असते. तिची लेखी परीक्षा मी पास झाले आणि मुलाखतीपाशी येऊन अडले. ‘अधिकारी का व्हायचंय?’ याचं उत्तर मी पुस्तकातून घोकलं होतं. देशसेवा, शिस्त, गणवेशाचा अभिमान, सगळं त्यात होतं. गोंदियातले एक निवृत्त सुभेदार सराव करून घ्यायचे. त्यांच्यासमोर दुसऱ्याच वाक्याला माझी बोबडी वळली. ते शांतपणे म्हणाले, “बेटी, यह तो किताब बोल रही है। तू कब बोलेगी?” मुलाखत तोंडावर आली होती आणि ही संधी हुकली तर माझ्या लग्नाचं बघायचं, असं घरात ठरलेलं होतं.

गावच्या शिवेवर आमच्या मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं आहे. रोज हात जोडून मी तिला एकच म्हणायचे, उत्तर येऊ दे. त्या दुपारी सरावाहून परतताना बसमधून उतरले आणि हात न जोडता तिच्याकडे पाठ करून बसले. भयंकर राग आला होता मला तिचा. तिथेच सावलीत मोहफुलांची टोपली घेऊन एक अनोळखी आजी टेकली होती.

“काऊन रडून राहिली वो पोरी?”

मी सांगितलं. तिने विचारलं, “मंग कायले होतेस साहेब?”

घोकलेलं तिला काय सांगणार? चिडून खरं तेच बोलले. “पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, फावडे उचलले लोकायनं. पाहणारे सारे मांगं सरले, मी मंधात उभी राहिली. मी म्हणलं, ज्याचा धान वाळून राहिला त्याले पयले पाणी, आमच्या वावरातल्या बांधीले शेवटी. लोकायनं आयकलं, बाबा रागावले. पण मले वाटलं, हे काम मले जमते.”

“मंग हेच सांगजो ना,” म्हणत तिने माझ्या ओंजळीत मोहफुलं टाकली आणि टोपली उचलून निघून गेली.

मुलाखतीत तोच प्रश्न आला. पुस्तकातला पहिला शब्दही आठवेना. तेवढ्यात मोहाचा वास आला. खरंच आला. मग पाटावरचं भांडण मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. “और तुम्हारा खेत?” साहेबांनी विचारलं. “एक कोना सूख गया, सर,” मी म्हणाले.

माझी निवड झाली.

आजीला गावात कुणीच ओळखत नव्हतं. बाबा म्हणतात, देवरीकडची असेल. आई वेगळंच म्हणते आणि ठाण्याच्या दिशेनं हात जोडते. मी दोघांनाही हो म्हणते. निघायच्या आदल्या दिवशी ठाण्यावर गेले. आजवर काय द्यायचं ते मीच मातामायला सांगत आले होते. त्या दिवशी काही मागितलं नाही. हात जोडले आणि बराच वेळ बसून राहिले, तिच्याकडे तोंड करून.