पाय तिचा, अंगठा माझा

अख्ख्या अंबड तालुक्यात आमच्या बायकोइतकं कुणी हिंडलं नसेल, अन् तेही एका पायावर. शेवटच्या सांजेलाही ओट्यावर बसून आम्ही दोघं मिरच्यांची देठं खुडत होतो, तर तिला माझा ढीग लहान दिसला. "हात तुमचेच हायेत का कुणाचे मागून आणलेत?" म्हणाली.

तिच्या नडगीत गाठ निघाली, कॅन्सर ठरला, तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात गुडघ्याच्या वरून पाय काढला. ती तापात बरळत होती, म्हणून डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं केला. पाय ठेवला तर बाई राहत नाही, म्हणाले. मी अंगठा टेकवला. शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही. "पाय माझा अन् अंगठा तुमचा. बराबर हाय का हे?" एवढंच विचारलं, आणि पुढं सहा वर्षं ऐकवलं. मी पुन्हा कुठं अंगठा टेकवू नये म्हणून मला प्रौढांच्या वर्गात बसवलं अन् स्वतः कुबडी घेऊन दाराशी बसली. आज चार ओळी लिहितोय ते त्या कुबडीच्या धाकानं.

लाकडी पाय आला तर त्याला बोटंच नव्हती. तिनं सुताराला बोलावून बोटं कोरून घेतली अन् त्यांत जोडवी बसवली. सुतार हसला तर म्हणाली, "एकाच पायात जोडवी घातली तर नवरा अर्धा मेला म्हणायचं का?" एसटीत कुणी कीव करून जागा दिली तर ती अंबडपर्यंत उभी राही, नाही दिली तर कुबडीनं उठवी. गेलेल्या पायाला खाज सुटली की लाकडी पाय माझ्यापुढं करी.

"अगं, लाकूड हाय ते."

"पाय कुणाचाय? खाजवा गुमान."

मी खाजवायचो, अन् तिला खरंच बरं वाटायचं.

दुखणं आता छातीत उतरलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्या सांजेला, मिरच्या संपत आल्यावर, मी सहा वर्षं गिळलेलं बोललो. "चुकलो का गं मी, अंगठा देऊन?"

"आता विचारून राह्यले व्हय? तवा विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर?"

"व्हय म्हणाले असते. पर विचारायचं होतं."

त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी शेजारच्या बाया म्हणाल्या, "मामा, लुगडं कोणतं नेसवायचं?" मी हिरवं म्हणणार होतो. मंग थांबलो, आत गेलो, उशाशी बसलो अन् तिलाच विचारलं.