पेटीतली पहिली काच

समस्त डासांसाठी जाहीर निवेदन: बेलापूर पंचक्रोशीतले तुमचे कट्टर वैरी, आमच्या आरोग्य केंद्राचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ भास्कर साळवे आज पहाटे हृदयविकाराने निवर्तले. तरी तीन दिवस कोणीही कोणाला चावू नये...

गेल्या महिन्यात निरोप आला तेव्हा मी औषधाच्या खिडकीत उभा होतो. हे निवेदन मला तिथंच सुचलं. भास्कर असता तर टेबलावर हात आपटून हसला असता.

वीस वर्षं आमच्या खोल्यांना एकच भिंत होती. तो काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून त्यात हिवतापाचे परजीवी शोधायचा, मी गोळ्या द्यायचो. मधूनच तो नाटकवाल्यासारखा ओरडायचा, "आण्णा, पळत ये! हवालदार जेवून बसलाय!" मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो. एक पांढरी पेशी, तिच्या पोटात काजळीसारखे कण. "परजीवी खाल्लाय त्यानं. ही त्याची उष्टी," भास्कर सांगायचा. "डास चावला की अंगातली फौज आधी धावती. पहिली मारामारी झाल्याचं आपल्याला ठावंबी नसतं. ताप मागनं येतो." या फौजेवर त्याचा फार जीव होता.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला, शकुंतलाला, ताप आला. रक्त घेतलं की अहवालाची वाट न बघता गोळ्या द्यायच्या, असा नियम होता. पण त्या गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या. "आधी काच बघतो," भास्कर म्हणाला. मी बांधलेली पुडी हातात धरून त्याच्या मागं उभा. परजीवी एकही दिसेना. हवालदार मात्र काजळीनं भरलेले. भास्कर उडीच मारायचा बाकी होता. "जिंकली रं आण्णा, फौज जिंकली!" मी पुडी सोडली आणि गोळ्या बरणीत परत ओतल्या. त्यांचा टपटप आवाज... असो.

केंद्रामागच्या त्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं ही बातमी द्यायला गेलो. मी तर दारात सलामही ठोकला. शकुंतला भिंतीला टेकून कुडकुडत होती. "तुमची फौज ऱ्हाऊ द्या तिकडं," ती म्हणाली, "मला आजून एक गोधडी द्या."

आम्ही हसलो.

तिसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिवतापाची ही जात कपटी. बोटाच्या रक्तात दिसत नाही, मेंदूच्या बारीक नळ्यांत दडून बसते. काजळी म्हणजे लढाई झाल्याची खूण, संपल्याची नव्हे. शकुंतला त्याच रात्री गेली.

भास्कर मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर नुसती काजळी दिसली तरी तो स्वतः सायकलवर गोळ्या घेऊन त्या घरी जायचा आणि गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. लोक वैतागायचे. आणि रोज सकाळी, कामाला लागण्याआधी, लाकडी पेटीतल्या पहिल्या खाचेतली एक काच तो बराच वेळ बघत बसायचा. कुणाची, हे मी कधी विचारलं नाही.

परवा त्याच्या जागी नवी मुलगी रुजू झाली. हुशार आहे, चटपटीत आहे. तिनं पेटी उघडली, पहिलीच काच उचलून कडेचं नाव वाचलं आणि ती भिंगाखाली सरकवली. रंग विटला होता, तरी काजळी तिला दिसलीच. मी मधल्या भिंतीतल्या खिडकीतून बघत होतो. हात बरणीवर होता.

ती खुर्चीतून ताडकन उठली आणि ओरडली, "आण्णा, ही बाई कुठंय? हिला गोळ्या दिल्या ना तुम्ही?"