पंप थांबला होता

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला ठाऊक नाही, आणि आईला तर मी कोणत्या टपरीवर चहा पितो तेसुद्धा ठाऊक असतं. सोबतच्या पोरांना ठाऊक नाही. जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती, तिलाही नाही. मग तुम्हालाच काहून सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असंच असेल. आणि हो — लिहायला बसलो की मी शाळेतल्यासारखा लिहितो. बोलताना माझ्या तोंडात ही असली मराठी येत नाही.

कुठून सुरू करू? पंपापासून करतो. पंपाबद्दल बोलणं मला सोपं जातं.

आमचा कारखाना लहानसा, तुमसरच्या रस्त्याला. खाणीतली काळी मँगनीजची माती येते, ती दळतात, गरम पाण्यात कालवतात, आणि मग जो पातळ काळा रेंदा होतो तो गाळावा लागतो. गाळायचं काम प्रेसचं. कापड चढवलेल्या मोठ्या प्लेटा एकीला एक चिकटवून उभ्या केलेल्या असतात. रेंदा जोरानं आत ढकलला की पाणी कापडातून निथळून जातं आणि आत घट्ट वड्या जमतात. आम्ही त्याला केक म्हणतो. नवा माणूस आला की ‘उद्या केक कापायचा आहे, डबा घेऊन ये’ असं सांगून त्याला फसवायची आमची जुनी खोड.

तो रेंदा ढकलतो पंप. त्याला मोटर नाही, तो दाबाच्या हवेवर चालतो. आत दोन रबरी पडदे, एक पुढे गेला की दुसरा मागे. ढब्, फुस्स... ढब्, फुस्स. प्रेस रिकामा असला की भराभर चालतो. भरत आला की जड होतो, लग्नात जेवून उठलेल्या माणसासारखा. आणि पूर्ण भरला की आपला आपण थांबतो. मग हवा बंद करायची, नळीतला दाब सोडायचा आणि प्रेस उघडायचा. दाब दाखवणारं गेज होतं हो, पण त्याची काच रेंद्यानं कधीच आंधळी झाली होती. नवं मागवू, नवं मागवू म्हणत कुणी मागवलं नाही. आम्ही सगळे कानावर चालायचो. पंप थांबला म्हणजे प्रेस भरला, बस्स.

आणि कान म्हणाल तर प्रज्ञाचा.

बघा, आलंच नाव. किती वर्षांनी लिहिलं.

प्रज्ञा आमच्या प्रेसवर होती. आयटीआय फिटर. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, घर नव्या वसाहतीत आलं, तिथून ती इकडे मावशीकडे राहायला आली होती. साहेबांनी तिला पहिल्या दिवशीच पॅकिंगला टाकलं — पोरीची जात, प्रेसचं काम जड. ती रोज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची. भांडायची नाही, रडायची नाही, नुसती उभी. शेवटी साहेबच कंटाळले. म्हणाले, ‘जा बाई, जा प्रेसवर.’ ती आली, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्याइतका प्रेस कुणाला कळत नव्हता. बाहेर उन्हात चहा पिता पिता मधेच कप खाली ठेवायची. ‘भरला. चाल, ऊठ.’ आत जाऊन बघावं तर पंपानं शेवटचा श्वास सोडलेला असायचा.

एकदा मी विचारलं, तुला कसं गं कळतं? तर म्हणाली, ‘जुन्या गावी रातभर वैनगंगा आयकू येत जाये. नव्या घरी काहीच आयकू येत नाही, मले झोपच नाही लागत जाये. हा पंप आहे तं बरं वाटते.’ एवढं बोलून ती कापडं धुवायला निघून गेली. मी मात्र त्या दिवसापासून कामातून गेलो.

काय सांगू तुम्हाला! मी कॉम्प्रेसरवर होतो, म्हणजे हवा माझ्याकडे. माझी हवा तिच्या पंपात जाते, एवढ्याशा गोष्टीवर मी रात्री उशीत तोंड खुपसून हसत पडायचो. येडा म्हणा, चालेल. ती ‘जय भीम’ म्हणून हात वर करायची आणि माझा दिवस तिथेच भरून पावायचा. तिच्या मनात काय होतं? थोडंफार होतं, असं मला वाटतं. की नव्हतं? आता विचारायला तोंड राहिलं नाही.

ते तोंड कसं गेलं, तेच तर सांगायचं आहे. आणि मी बसलोय पंपाच्या गोष्टी सांगत.

हिवाळा होता. हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, हवेबरोबर पाणी येतं. ते हवेच्या टाकीत तळाला साचतं. शिफ्ट सुरू झाली की टाकीखालचा कॉक उघडायचा आणि सगळं पाणी सोडून द्यायचं, हे माझं पहिलं काम. नाही सोडलं तर ते पाणी हवेतून पंपात जातं. पंपातून हवा सुटते तेव्हा ती इतकी गार होते की पाण्याचा बर्फ होतो. हवा बाहेर पडते त्या सायलेन्सरच्या तोंडावर पांढरी साय धरते, वाट बुजते, आणि पंप थांबतो. प्रेस भरलेला नसतानाही थांबतो. हे मला माहीत होतं. मला एकट्याला नेमून दिलेलं काम होतं ते.

आदल्या दिवशी ती म्हणाली होती, ‘उद्या पोपटाच्या शेंगा आणतो, मावशीच्या बांधावरच्या.’ तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर सांगतो, पोपट म्हणजे वालाचाच प्रकार. धानाच्या बांधीच्या कडेनं लावतात, आणि हिवाळ्यात मीठ टाकून त्या शेंगा उकडल्या की बाप्पा, दुसरं काही नको. मी रात्रभर ठरवलं, उद्या बोलायचंच. सकाळी गेटजवळ कोवळ्या उन्हात आम्ही दोघं उभे राहिलो. ती डब्यातून शेंगा काढून देत होती. मी सोलत होतो, खात होतो आणि बोलायचं म्हणून नुसता ‘मीठ बरोबर आहे’ एवढंच म्हणत होतो. तिघा-चौघांचं चिडवून झालं. भोंगा झाला. तरी मी उभाच. मग पळत जाऊन कॉम्प्रेसर चालू केला, आणि कॉककडे पाहिलंसुद्धा नाही.

पंप चालला. चांगला चालला. मग जड झाला. मग थांबला.

तिनं आयकलं. मीही आयकलं. मला वाटलं, आज जरा लवकरच भरला. वाटलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात शेंगा होत्या. तिनं रीतीप्रमाणे हवा बंद केली, दाब सोडला, वाट पाहिली, आणि प्रेस उघडला. आत केक नव्हता. आत नुसता रेंदा होता, गरम, पातळ. पहिली प्लेट सुटली आणि सगळा लोंढा तिच्या अंगावर आला. ती घसरून पडली. हात खाली आला आणि मनगट मोडलं. ती ‘आई वं’ म्हणून ओरडली, तेही मी आयकलं.

सगळे तिच्याकडे धावले. मी पंपाकडे धावलो.

हे वाक्य लिहायला मला इतके हिवाळे लागले. ती खाली पडली होती, काळी झाली होती, आणि मी पंपाकडे धावलो. सायलेन्सरवर बर्फ होता. बोट लावलं तर चिकटलं. मला सगळं एका क्षणात कळलं. शेजारी कापडं धुवायच्या गरम पाण्याची बादली होती. मी त्यातलं तांब्याभर पाणी सायलेन्सरवर ओतलं. मग टाकीपाशी गेलो, कॉक उघडला. पाणी किती वेळ वाहत राहिलं... मी तिथे उभा राहून ते संपायची वाट पाहत होतो. तिकडे तिला उचलत होते.

साहेब आले. त्यांनी हवा सुरू करायला सांगितली. पंप ढब्-फुस्स करत चालू लागला, आज्ञाधारक पोरासारखा. साहेब म्हणाले, ‘पंप तं मस्त चालून राहिला! थांबला कुठी?’

ती बाकावर बसली होती. हात कुणाच्या तरी दुपट्ट्यात बांधलेला. म्हणाली, ‘थांबला होता साहेब. मीनं आयकलं.’ आणि माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती हो. तिला खात्री होती. ‘तुनं तं आयकलं ना रे, अमोल?’

मी म्हटलं, ‘मले नाही मालूम. माहं ध्यान नव्हतं.’

साहेबांनी मला टाकीचं पाणी सोडलं होतं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं ना! आत्ताच तर सोडलं होतं. किती हुशार माणूस मी!

 तिनं मला शिवी दिली असती तर मी आज तीच जपून ठेवली असती. ती फक्त पंपाकडे पाहत राहिली, मान जरा तिरकी करून. मग हळूच म्हणाली, ‘मग मलेच भास झाला असन.’ तिला दवाखान्यात नेलं.

हात बरा झाल्यावर तिला परत पॅकिंगला टाकलं. या वेळी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली नाही. थोड्या दिवसांनी ती ते कामही सोडून घरी गेली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. नोकरीची भीती होती का? होती. पण खरं सांगू? तिच्या नजरेतून उतरेन याची भीती जास्त होती. म्हणून मी तिला तिच्याच नजरेतून उतरवलं.

मध्ये एकदा कळलं, ती पवनीकडे, आसगावला एका राइस मिलमध्ये कामाला आहे. मी सुट्टी काढली. बाजारातून पोपटाच्या शेंगा घेतल्या, पिशवीभर. बसमध्ये सगळं पाठ करत गेलो. मिल रस्त्याला लागूनच होती, पुढचं शटर उघडं. ती दिसली. केसांना तुसाची धूळ, अंगानं थोडी भरलेली. मी शेंगांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात मशीन बंद पडली. रस्त्यापलीकडे मला कळलं, चहावाल्याला कळलं, झाडाखालच्या कुत्र्यानंही मान वर केली. आणि प्रज्ञानं काय केलं? ती शेजारच्या बाईकडे वळली. ‘बंद झाली ना वं मावशी?’ मावशी हो म्हणाली. तरी तिनं मशीनच्या अंगावर तळहात ठेवला, ती खरंच थरथरत नाही ना ते पाहिलं, आणि मगच पुढे झाली.

हातातला चहाचा कप ठेवून पंपाकडे निघणारी पोट्टी ती.

मी रस्ता ओलांडला नाही. शेपूट घातली आणि परतीच्या बसमध्ये बसलो. शेंगा आईनं उकडल्या. म्हणाली, मीठ कमी झालं काय रे, खात काहून नाहीस?

आता मी टाकीचं पाणी कधीच चुकवत नाही, पण त्यात कौतुक कसलं? गेजही नवं आलं. पंप तोच आहे, पडदे तेवढे बदलले. तो जड होऊ लागला की अजूनही माझी मान दाराकडे जाते, बाहेरून कुणी येतंय का बघायला. कुणी येत नाही. मग मीच उठतो.

या हिवाळ्यात आयटीआय झालेली एक पोरगी प्रेसवर काम मागायला आली होती. साहेब म्हणाले, ‘मागं एक ठेवली होती. तिले पंप थांबल्याचा भास होत जाये.’ सगळे हसले. मीही हसलो.

त्या दिवशी घरी येऊन हे लिहायला घेतलं. आता झालं लिहून. एवढंच राहिलं, आणि ते माझ्या बोलीत लिहितो, कारण तेव्हा तिनं मला त्याच बोलीत विचारलं होतं.

थांबला होता, प्रज्ञा. मीनं आयकलं होतं.